काव्याचे निकट वाचन (लेखांक ७) : मेहकरची ‘शीळ’

एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) या अमेरिकन कवयित्रीच्या कवितांचे वाचन मागील लेखांकात एका प्रश्नापाशी येऊन थांबले होते : कवितेत ‘मी’ म्हणून बोलणारी व्यक्ती नेमकी कोण असते? १८६२ साली टॉमस हिगिन्सन यांना लिहिलेल्या पत्रात डिकिन्सनने आपल्या कवितेतील ‘मी’ म्हणजे आपण नव्हे, तर एक कल्पिलेली व्यक्ती, असा खुलासा स्वतःच केला होता. निकट वाचन म्हणजे कवीच्या चरित्राकडे न वळता शब्द, नाद आणि रचना यांचा बारकाईने माग काढणे. आणि या रीतीने वाचण्याजोगी एक उत्कृष्ट मराठी कविता बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांनी लिहिली आहे. ‘शीळ’ ही ती कविता १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे घरोघरी पोचली आणि १९५४ साली त्याच नावाच्या संग्रहात आली.

या कवितेत बोलते ती ग्रामीण बोलीतील एक तरुणी. तिच्या बोलण्यात ‘रे’ आणि ‘ग’ ही दोन संबोधने आलटून पालटून येतात, त्यामुळे प्रियकराला उद्देशून चाललेले बोलणे मध्येच एखाद्या सखीकडे वळते, आणि समोर असल्यासारखा भासणारा तो क्षणात दूरचा, केवळ वर्णनाचा विषय होतो. जवळीक आणि अंतर यांची ही ओढाताण कवितेत कुठेही सांगितलेली नाही. ती दोन एकाक्षरी शब्दांनी साधली आहे.

दुसरी खूण यमकाची आहे. संस्कृत काव्यशास्त्रात यमक म्हणजे तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने पुन्हा येणे. ध्रुवपदातील, म्हणजे पुनःपुन्हा परतणाऱ्या ओळीतील, ‘शीळ’ ही रानातून घुमणारी शिट्टी आहे, तर प्रियकराच्या घराण्याविषयी येणाऱ्या ‘कुळशीळ’ या शब्दातील ‘शीळ’ म्हणजे शील, आचरण. रानावनात मोकाट जाणारी साद आणि कुळाने घातलेली मर्यादा एकाच ध्वनीत वसत असल्यामुळे, ध्रुवपद पुन्हा कानी पडते तेव्हा त्यात तरुणीच्या मनातील हर्षाबरोबर भयही ऐकू येऊ लागते.

पुरुषाने रचलेले आणि पुरुषाने गायिलेले हे स्त्रीचे मनोगत मराठी श्रोत्यांना परके वाटले नाही, कारण ज्ञानदेवांच्या विरहिणी आणि एकनाथांच्या गौळणी यांनी त्यांचा कान आधीच घडवला होता. डिकिन्सनला जे पत्रातून समजावून सांगावे लागले, ते येथे परंपरेनेच गृहीत धरले होते. म्हणूनच निकट वाचनाला पाश्चात्त्यांची उसनी रीत समजून मराठी वाचकाने दूर ठेवू नये.

वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ या संग्रहात जो सर्वांना सामावून घेऊ पाहणारा ‘मी’ उभा केला, त्याचा विचार पुढील लेखांकात.