सिस्टरने कुणाला विचारायचं?

दिंद्रुडसारख्या गावातून अपघाताचा किंवा पक्षाघाताचा रुग्ण बीडच्या जिल्हा रुग्णालयात, नाहीतर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात पोचतो, तेव्हा सोबत गाडीभर माणसं असतात. आठवडाभराने आयसीयूबाहेर दोघं-तिघं उरतात. थोरला मुलगा म्हणतो, घरी नेतो. मुलगी म्हणते, शेत गेलं तरी चालेल, मशीन काढायचं नाही. शेवटी कुणीतरी कागदावर सही करतं आणि रुग्ण ‘डामा’ होतो, म्हणजे वैद्यकीय सल्ला डावलून घरी जातो. सही नातेवाइकाची, पण नळ्या काढणारे हात सिस्टरचे. हे बरोबर झालं का, हे तिने कुणाला विचारायचं?

जगात बऱ्याच ठिकाणी याला उत्तर आहे: रुग्णालयाची नैतिकता समिती. १९७६ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने कोमातल्या कॅरन क्विनलनचं श्वसनयंत्र काढण्याच्या खटल्यात अशा समितीचा उल्लेख केला आणि तिथून ही कल्पना पसरली. समितीत दुसऱ्या विभागाचा डॉक्टर असतो, परिचारिका असते, समाजसेवक असतो, वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा एखादा शहाणा माणूस असतो. ती हुकूम सोडत नाही, सल्ला देते. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरचा आणि रुग्णाच्या घरच्यांचाच राहतो, मात्र कारणं केसपेपरवर लिहिली जातात. एकट्याच्या डोक्यावरचा भार असा चौघांत वाटला जातो.

आपल्याकडे नवीन औषधांच्या चाचण्यांसाठी समिती आहे, अवयव प्रत्यारोपणासाठी आहे, २४ आठवड्यांपुढच्या गर्भपातासाठी वैद्यकीय मंडळ आहे. वॉर्डातल्या रोजच्या पेचासाठी मात्र बहुतेक रुग्णालयांत काहीच नाही.

बीड जिल्ह्याने पाहिलेली मोठी समिती चौकशीचीच होती. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. ती चौकशी हवीच होती. पण चौकशी येते ती सगळं घडून गेल्यावर. ‘या बाईला शस्त्रक्रिया खरंच लागते का?’ ही शंका आधीच बोलून दाखवायची, तर एखाद्या नवशिक्या डॉक्टरला किंवा सिस्टरला जागा कुठे होती?

मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं उदाहरण तर सर्वांच्या माहितीचं. २७ नोव्हेंबर १९७३ ला परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या दयामरणासाठी याचिका केली, तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नव्हे, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. सेवा करणाऱ्यांचा एवढा मान क्वचितच राखला गेला असेल. तरीही खटकतं ते असं, की त्यांचं म्हणणं ऐकलं जायला थेट दिल्लीचं न्यायालय लागलं. आणि तिथे पोचला तो एकच सूर. एवढ्या वर्षांत पिढ्या बदलल्या. एखादीला वेगळं वाटलं असेल, तर तिने ते कुठे मांडायचं होतं?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालाने आणि त्यातल्या २४ जानेवारी २०२३ च्या दुरुस्तीने उपचार थांबवण्याची वाट थोडी सोपी झाली. उपचार थांबवायचे तर आता उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ, त्यावर दुय्यम मंडळ; दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. यात कायद्याची बाजू सांभाळली जाते. पण मंडळावर सगळे डॉक्टरच. रात्रपाळीची सिस्टर नाही, घरच्यांशी रोज बोलणारा समाजसेवा अधीक्षकही नाही. उपचार थांबवण्याबाबतच्या केंद्राच्या २०२४ च्या मसुद्यात रुग्णालयांनी नैतिकता समिती नेमावी असं सुचवलं आहे, ते याच कारणासाठी महत्त्वाचं.

अंबाजोगाईत अशी समिती उभी करायला नवी इमारत लागत नाही. माणसं वेगवेगळ्या विभागांत आहेतच. आठवड्यातला एक तास, एक नोंदवही आणि रात्री उचलला जाणारा फोन लागेल. शिवाय एक नियम: निवासी डॉक्टर असो वा सिस्टर, तिला समितीकडे थेट जाता यावं, विभागप्रमुखाच्या सहीची वाट न पाहता.