गिरणीच्या समोर, मारुतीच्या मागे

न्यूयॉर्क शहराचे सगळ्यांत उपयोगी फोटो कुणा नामांकित छायाचित्रकारानं काढलेले नाहीत. ते घरपट्टी आकारणाऱ्या खात्यानं काढून घेतले. १९३९ ते १९४१ या काळात पाचही विभागांतल्या झाडून सगळ्या इमारतींचे फोटो काढायचं ठरलं. मंदीत बेकार झालेल्यांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून माणसं मिळाली. त्यांच्या हातात पस्तीस मिलिमीटरचा लायका कॅमेरा आणि सोबत आकडे बदलता येणारी एक पाटी. पाटीवर गट क्रमांक आणि भूखंड क्रमांक, आणि ती चौकटीत आलीच पाहिजे. इमारत समोरून, पूर्ण, की लगेच पुढची. असे सुमारे सात लाख फोटो जमा झाले.

मालमत्तेची किंमत ठरवणं एवढाच हेतू होता. कोन, प्रकाश, मांडणी असल्या गोष्टींना कुणाला वेळ नव्हता. पण फोटोंत किंमतीपलीकडचंही बरंच काही येऊन बसलं: पायऱ्यांवर बसलेली पोरं, दुकानाच्या काचेवर रंगवलेले भाव, न्हाव्याचा पट्टेरी खांब, पाटीमागून डोकावणारा माणूस. २०१८ साली हा सगळा साठा संगणकावर खुला झाला, आणि लोक त्यात आजोबांचं घर, आजीच्या गल्लीतला बेकरीवाला शोधू लागले. महापालिकेच्या दप्तरखान्यातून या फोटोंच्या प्रतीही विकत मिळतात. कारकुनी कामाला असं भाग्य क्वचित लाभतं.

वस्तीचा स्वभाव फोटोत उतरवायचा असेल तर सुंदर फोटोच्या मागे लागू नये, असं माझं मत या फोटोंमुळे पक्कं झालं आहे. तिथली माणसं पत्ता सांगताना ज्या खुणा सांगतात त्या टिपाव्यात. सरळ समोरून, आजूबाजूच्या पसाऱ्यासह, जागा आणि तारीख लिहून. आणि शक्य तर पुन्हा पुन्हा.

वस्तीच्या फोटोंचा इतिहास पाडापाडीच्या इतिहासाला चिकटून आहे. पॅरिसमध्ये शहराचा प्रशासक ओसमान यानं जुन्या गल्ल्या फोडून रुंद रस्ते काढले, तेव्हा शार्ल मारव्हील हा शहराचा अधिकृत छायाचित्रकार होता. ज्या गल्ल्या जाणार होत्या त्यांची त्यानं नोंद केली. ग्लासगोत थॉमस अॅननला १८६८ साली असंच काम मिळालं. त्याच्या फोटोंत अंधाऱ्या बोळांत वाळत घातलेले कपडे दिसतात. फोटो काढून घेणाऱ्या संस्थेला मात्र ते बोळ साफ करायचे होते. लंडनमध्ये ऑक्सफर्ड आर्म्स ही जुनी सराई पडणार असं कळल्यावर १८७५ साली काही मंडळींनी एकत्र येऊन तिचे फोटो काढवून घेतले, आणि पुढच्या अकरा वर्षांत अशा नाहीशा होत चाललेल्या वास्तूंच्या १२० छापील प्रती काढल्या. प्रती कार्बन पद्धतीच्या, म्हणजे विटू नयेत अशा. एवढा पुढचा विचार त्यांनी केला होता.

या सगळ्यांहून वेगळा एजेन आत्जे. नट व्हायचं जमलं नाही, चित्रकलाही फारशी चालली नाही, म्हणून तो फोटोंकडे वळला. चित्रकारांना संदर्भासाठी, ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना संग्रहासाठी तो जुन्या पॅरिसचे फोटो विकायचा. दारावरच्या पाटीचा मजकूर होता, कलावंतांसाठी दस्तऐवज. अठरा गुणिले चोवीस सेंटिमीटरच्या काचा, लाकडी कॅमेरा, तिकाटणं असं ओझं घेऊन तो भल्या सकाळी बाहेर पडे. त्यानं आयफेल टॉवरच्या वाटेला जाणं जवळजवळ टाळलंच. दारावरच्या लोखंडी कड्या, जिन्यांचे कठडे, दारूच्या दुकानांच्या पाट्या, शिंप्याच्या काचेतले पुतळे, रस्त्यावरचे फेरीवाले हे त्याचे विषय. काचेवर प्रकाश बराच वेळ पडावा लागे, त्यामुळे कुणी मधून चालत गेलं तर त्याचं धुरकट भूत तेवढं उरायचं. उंच इमारत मावावी म्हणून तो भिंग वर सरकवी, त्यानं कित्येक फोटोंचे वरचे कोपरे काळे पडले. दुसरा कुणी असता तर ते कापून टाकले असते. १९२६ साली छायाचित्रकार मॅन रेनं त्याचा एक फोटो अतिवास्तववाद्यांच्या मासिकावर छापला, तेव्हा आपलं नाव घालू नका, हे नुसते दस्तऐवज आहेत, असं त्यानं सांगितल्याचं नमूद आहे. पुढच्याच वर्षी तो गेला. त्याच्या घरातल्या काचा आणि प्रती बेरेनिस अॅबट या तरुण अमेरिकन बाईनं मिळवल्या नसत्या, तर आज आपण हे नाव घेतलं नसतं. तिनं न्यूयॉर्कला परतून बदलत्या शहराचे फोटो काढले, त्यांचं पुस्तक १९३९ साली निघालं.

पुढच्यांपैकी दोघांची नावं घेतो. एड रूशानं १९६६ मध्ये लॉस एंजलीसच्या सनसेट स्ट्रिपची प्रत्येक इमारत टिपली. पिकअप गाडीवर कॅमेरा बसवून दोन्ही बाजू घेतल्या आणि सुमारे पंचवीस फूट लांब घडीचं पुस्तक काढलं. दुसरा कामिलो होसे व्हेरगारा. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या १२५व्या रस्त्यावरच्या एकाच गाळ्याचा तो १९७७ पासून वर्षानुवर्षं फोटो काढत राहिला. तिथं आधी नाइट क्लब होता, नंतर एकामागून एक दुकानं बदलत गेली. एकेक फोटो पाहिला तर त्यात काही नाही. ओळीनं लावले की अख्ख्या वस्तीच्या आर्थिक चढउताराचा आलेख समोर येतो.

आता आपल्याकडे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची, म्हणजे आपण मागे नव्हतो. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. पण साध्या चाळींचे आणि गल्ल्यांचे फोटो मोठ्या संख्येनं निघाले ते १८९६-९७ च्या प्लेगात. त्यांत भिंतींवर प्लेगच्या नोंदीची वर्तुळं काढलेली घरं दिसतात, आणि राहण्यास अयोग्य अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरंही. म्हणजे आपल्या वस्त्यांचा पहिला मोठा संग्रह रोगाच्या निमित्तानं झाला.

आज उलट अवस्था आहे. फोटोंचा नुसता पूर आहे आणि विषय मात्र ठरलेले: इराण्याच्या हॉटेलातलं संगमरवरी टेबल, डबेवाला, काळी-पिवळी टॅक्सी, पोपडे उडालेल्या निळ्या भिंतीपुढे मांजर. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा तिच्या निरोपाच्या फोटोंनी मोबाइल भरून गेले. वाईट काही नाही, पण ते मुंबईचे फोटो झाले. माहीमचे, भायखळ्याचे किंवा करी रोडचे नाही झाले. पोपड्यांच्या फोटोंचा तर मला कंटाळा आला आहे. त्या भिंतीआड राहणाऱ्याला गिलावा करून हवा असतो.

याला एक ठसठशीत अपवाद आहे. चिरोदीप चौधुरी यांनी १९९६ पासून मुंबईतली सार्वजनिक घड्याळं टिपायला घेतली आणि पाव शतकाहून अधिक काळ ते त्यामागे राहिले. राजाबाई टॉवर आणि क्रॉफर्ड मार्केट सगळ्यांना माहीत असतात. पण अग्यारी, चर्च, धर्मशाळा, जुन्या पेढ्या यांच्या कपाळावरची, बरीचशी बंद पडलेली घड्याळं कोण मोजतो? एकच वस्तू धरून शहर पालथं घातलं की, लोक वर न बघताच रोज जिच्याखालून जातात अशी दुसरीच मुंबई दिसू लागते.

विषय निवडायची माझी रीत सोपी आहे. वस्तीत जायचं आणि पत्ता विचारायचा. पोस्टमनला, रिक्षावाल्याला, गणपती मंडळाच्या कट्ट्यावर बसलेल्यांना. गिरणीच्या समोरून आत, मारुतीच्या मागे, रेशनच्या दुकानाला लागून, बंद टॉकीजच्या गल्लीत. जी नावं तीन-चार तोंडी येतील, ती त्या वस्तीची यादी. तिच्यात वारसा वास्तू बहुधा नसतेच. पिठाची गिरणी असते, प्याऊ असते, व्यायामशाळा, पिंपळाचा पार, दूध केंद्राची टपरी असते. गेलेल्या गोष्टीही असतात. मुंबईतला काळा घोडा, म्हणजे राजाचा अश्वारूढ पुतळा, १९६५ साली आपल्या जागेवरून हलला आणि राणीच्या बागेत गेला, तरी लोक त्याच्याच नावानं त्या चौकाला ओळखत राहिले. २०१७ मध्ये स्वाराविना नवा घोडा तिथं आला. हिंदमाता टॉकीज बंद झालं तरी पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुंबल्याच्या बातमीत त्याचं नाव हमखास येतं. अशा ठिकाणी आज काय उभं आहे, त्याचा फोटो घ्यावा.

पुण्यात हे काम मारुती-विठोबांनी सोपं करून ठेवलं आहे: पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर. पत्र्या मारुतीच्या मूर्तीचा फोटो काढलात तर तो देवाचा झाला. रस्त्याच्या पलीकडून, दुचाकींची रांग, शेजारच्या दुकानाची पाटी आणि चप्पल न काढता उभ्याउभ्या नमस्कार करून पुढे जाणारा माणूस यांच्यासकट काढलात, की तो नारायण पेठेचा.

माझी सर्वांत आवडती खूण म्हणजे चौकातला वार्ताफलक. गिरगावात, लालबागला, डोंबिवलीला, पुण्याच्या पेठांत तो अजून तग धरून आहे. लाकडी चौकटीचा काळा फळा, वर पिवळ्या ऑइलपेंटनं मंडळाचं नाव, खाली फळा देणाऱ्याचं. कालचा मजकूर ओल्या फडक्यानं पुसलेला असतो, पण नीट पाहिलं तर अक्षरं मागे दिसतात. परवा दहावीचं अभिनंदन होतं, काल पाणी येणार नव्हतं, आज कुणाची तरी अंत्ययात्रा सकाळी दहाला निघणार आहे. अक्षर बहुतेक एकाच माणसाचं, वळणदार, वेलांटीला जरा जास्त झोक देणारं. असा एकच फळा वर्षभर, त्याच जागी उभं राहून टिपला, तर त्या वस्तीबद्दल आणखी लेख लिहायला नको. नावं-पत्ते जगभर फिरवू नयेत, एवढं भान मात्र ठेवावं.

फोटो काढण्याबद्दल थोडं. सकाळ-संध्याकाळचा सोनेरी प्रकाश चौपाटीवर ठीक. अरुंद गल्लीत ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते भर दुपारी. इमारतींच्या दर्शनी भागासाठी पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ उत्तम, कारण सावल्या नसतात आणि पाट्यांवरचं अक्षर न अक्षर वाचता येतं. जर्मनीचं बेशर दांपत्य पाण्याच्या टाक्यांचे फोटो काढायला असंच आभाळ हेरत असे. खालून मोबाइल वर कलवून रुंद भिंगानं फोटो घेतला की भिंती आत कलतात, म्हणून समोरच्या चाळीच्या गॅलरीत परवानगी मागून उभं राहावं. चहा मिळण्याचीही शक्यता असते. वायरी, ताडपत्र्या, वाढदिवसाचे फ्लेक्स टाळू नयेत. वीस वर्षांनी फोटोचा काळ त्या फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांवरूनच ठरेल. दादरचा कबुतरखाना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ताडपत्रीनं झाकला गेला, तेव्हाच्या गर्दीचे आणि दाणे घालण्यावरून झालेल्या वादाचे फोटो भरपूर आहेत. कुठल्याशा साध्या मंगळवारी तिथं बस कशी वळायची आणि चण्याची ताटं घेऊन कोण बसायचं, ते मात्र घरोघरच्या मोबाइलमध्ये शोधावं लागेल.

वेळ कमी आहे तो मुंबईतल्या बीडीडी चाळींसाठी. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं बांधलेल्या या २०७ चाळी, तळमजला आणि वर तीन मजले, जवळजवळ एकाच साच्याच्या. तिथं पत्ता म्हणजे भिंतीवर रंगवलेला चाळीचा आकडा. पुनर्विकास सुरू आहे आणि वरळीत २०२५ मध्ये पहिल्या रहिवाशांना मनोऱ्यातल्या घरांच्या किल्ल्याही मिळाल्या. घर मोठं झालं ते चांगलंच झालं. पण न्यूयॉर्कच्या कारकुनांसारखं कुणी आकड्यासह एकेक चाळ समोरून घेतली असेल, तर तो संच त्यानं जपून ठेवावा. आणि ज्या उभ्या आहेत त्यांच्यासाठी एक पावसाळी रविवार पुरे.

तुमच्याकडे कॅमेरा नसला तरी अल्बम असेल. मुंजीच्या मिरवणुकीमागे, गणपतीच्या ट्रकमागे, नव्या स्कूटरच्या पूजेमागे रस्ता दिसतो आणि दुकानांच्या पाट्या दिसतात. या दिवाळीत साफसफाईला अल्बम बाहेर निघेल, तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि फोटोंच्या मागे मऊ शिसपेन्सिलीनं जागा, वर्ष आणि मागच्या दुकानाचं नाव लिहून टाका. स्कॅन करून पाठवायचे असतील तर ईमेलनं पाठवा. व्हॉट्सअॅपवरून फिरताना फोटो बारीक होतो आणि फाइलमधली तारीख-जागेची नोंद गळून जाते. एक प्रत मंडळाच्या कार्यालयात किंवा जवळच्या ग्रंथसंग्रहालयात द्या, आणि दिल्याची पोच घ्या.