विभेदी दंतचक्रमाला, मागील आसाची

मोटारगाडी वळत असताना आतल्या व बाहेरच्या चाकांना निरनिराळ्या वेगांनी फिरू देऊन दोन्ही चाकांना एंजिनाची शक्ती पोहोचविणारी दंतचक्रांची योजना. कारागिरांच्या बोलीत तिला ‘डिफरन्शियल’ म्हणतात. एंजिन पुढे असून मागील चाके चालविली जातात अशा जुन्या गाड्यांत ती मागील आसाच्या मधल्या फुगीर कवचात असते. कुर्ला (मुंबई) येथे बनणारी फियाट व तिचेच पुढील रूप असलेली पद्मिनी, उत्तरपाडा (प. बंगाल) येथे बनणारी ॲम्बॅसडर व महिंद्राची जीप या गाड्यांची रचना अशी होती. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पद्मिनीचे उत्पादन त्याच्या बऱ्याच आधी बंद झाले होते व २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतील पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. त्यामुळे अशा गाडीची दंतचक्रमाला निकामी झाल्यास मोडीच्या बाजारातील वापरलेला संच पारखून घेऊन बसविण्याची वेळ मालकावर वारंवार येते.

कार्य : एंजिनाची गती गतिपेटीतून व प्रचालक दंडातून लहान दंतचक्राकडे (पिनियनकडे) आणि त्यातून मोठ्या मुकुटचक्राकडे (क्राउनकडे) जाते. पिनियनला १० व मुकुटचक्राला ४३ दाते असल्यास दंडाच्या ४·३ फेऱ्यांत मुकुटचक्राची एक फेरी होते. मुकुटचक्राला जोडलेल्या पिंजऱ्यात लहान शंक्वाकार चक्रे असून ती दोन्ही अर्ध-आसांच्या चक्रांत गुंतलेली असतात. दोन चाकांतील अंतर १·३ मी. धरल्यास गाडीने पूर्ण वर्तुळ काढताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सु. ८·२ मी. अधिक चालते. सरळ रस्त्यावर लहान चक्रे स्वतःभोवती फिरत नाहीत. वळणावर मात्र ती फिरून आतल्या चाकाच्या जेवढ्या फेऱ्या कमी होतात, तेवढ्याच बाहेरच्या चाकाला वाढवून देतात [⟶ दंतचक्र].

दोषनिदान : संच उतरविण्यापूर्वी दोष खरोखर त्यातच आहे, याची खात्री करणे आवश्यक असते. ओढ देताना किंवा वेगवर्धक सोडताना येणारा चढा घूं-घूं आवाज बहुधा मुकुटचक्र व पिनियन यांच्या झिजेचा असतो. केवळ वळणावर येणारा खडखडाट पिंजऱ्यातील लहान चक्रांकडे बोट दाखवितो. गाडी डावी-उजवीकडे झुकताच बदलणारी घरघर चाकाच्या धारव्याची, तर सुटताना बसणारा हिसका पुष्कळदा प्रचालक दंडाच्या सांध्याची असतो. चांगली दंतचक्रमाला या दोन कारणांनी उगाच बदलली जाते. प्रथम तेलाची पातळी पाहावी. काढलेल्या तेलात पोलादाचे तुकडे आढळल्यास निदान पक्के होते.

जागा व सुरक्षितता : पुणे–सोलापूर महामार्गावरील (पूर्वीचा क्र. ९, आताचा ६५) कुरकुंभसारख्या दौंड तालुक्यातील गावी हे काम घराच्या अंगणातही करता येते; मात्र भीमेच्या खोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात मऊ पडून जॅक रुततो. म्हणून काँक्रीटच्या फरसबंदीवर पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी अटकण लावून गाडी उचलावी व तिचा भार भक्कम आधार-घोड्यांवर द्यावा. केवळ जॅकवर किंवा रचलेल्या विटांवर पेललेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते.

उतरविणे व बसविणे : तेल काढून प्रचालक दंडाच्या जोडावर खूण करतात व तो सोडवितात. नंतर गतिरोधकाचे पिंप काढून अर्ध-आस बाहेर ओढतात. ॲम्बॅसडरसारख्या गाडीत दंतचक्रमालेचा सबंध संच कवचाच्या पुढील तोंडावर बसविलेला असल्याने तो अखंड उतरविता येतो. संच जड असल्याने दोघांनी धरावा. जुळणी केलेला अखंड संच बदलणे हे घरच्या कामाच्या आवाक्यातले असते. जीपच्या आसात मात्र मागचे झाकण काढून पिंजरा काढावा लागतो. धारव्यांची टोपणे आणि पातळ चकत्या डाव्या-उजव्या अशा अदलाबदल न होता ठेवाव्या लागतात. असे काम अनुभवी कारागिराकडे सोपविणे श्रेयस्कर असते.

मुकुटचक्र व पिनियन कारखान्यात एकत्र घासून जुळविलेली असतात. एका संचाचे पिनियन दुसऱ्या संचाच्या मुकुटचक्राशी लावल्यास जोडी आवाज करते व लवकर झिजते. दातांची संख्याही मूळ संचाइतकीच असावी. गतिमापकाला गती गतिपेटीतून मिळत असल्याने वेगळ्या गुणोत्तराच्या संचामुळे तो चुकीचा वेग दाखवितो.

मेळ तपासणे : दातांमधील मोकळीक अशा गाड्यांत सामान्यतः ०·१ ते ०·२ मिमी. असते, नेमके मूल्य उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्यावे. दातांना तेलात कालविलेला शेंदूर लावून चक्र फिरविल्यास स्पर्शाचा ठसा उमटतो. तो दाताच्या मध्यभागी असावा. ठसा टोकाकडे गेल्यास पिनियन मुकुटचक्राकडे, तर मुळाकडे गेल्यास त्यापासून दूर सरकवावे लागते. शेंदूर शिशाचा असल्याने नंतर हात नीट धुवावेत.

वंगण व अंतिम तपासणी : या गाड्यांत पिनियनचा आस मुकुटचक्राच्या मध्याखाली असल्याने दाते एकमेकांवर घसरतात. म्हणून उच्च दाब सोसणारे खास तेल (एसएई ९०) लागते. ते भरण्याच्या छिद्राच्या कडेपर्यंत भरतात. कवचावरील श्वासछिद्र बुजलेले असल्यास आत दाब वाढून तेल आसाच्या टोकांतून गतिरोधकाच्या पिंपात उतरते व गाडी थांबेनाशी होते. त्यामुळे छिद्र साफ करून व तेलरोधक कडी नवी घालूनच आस बसवावेत. प्रथम गाडी कमी वेगाने थोडे अंतर चालवून कवच फार तापते काय व गळती होते काय, हे पाहतात. काही शे किमी. नंतर नट पुन्हा आवळून तेलाची पातळी तपासल्यावर काम पुरे झाले असे समजतात.