आमच्यामागे याचं कोण?

बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना हा प्रश्न मूल लहान असतानाच पडतो. पण निवासी संस्थेच्या दाराशी ते येतात बहुधा सत्तरीत. तोवर आईचे गुडघे थकलेले असतात, वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला असतो आणि चाळिशीतल्या मुलाला अंघोळ घालायला घरात कोणी उरलेले नसते. संस्थेत उत्तर मिळते, ‘अर्ज ठेवा, जागा झाली की कळवू.’

ही यादी लवकर सरकत नाही. रुग्णालयातील खाट काही दिवसांत रिकामी होते. इथे आलेली व्यक्ती बहुधा आयुष्यभर राहते. आयुष्यही वाढले आहे. अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्यांचे सरासरी आयुर्मान १९८३ च्या सुमारास २५ वर्षे होते, आता ते ६० च्या आसपास आहे. आपल्याकडेही आईवडिलांच्या मागे राहणारी मुले आता अपवाद नाहीत.

हतबल कुटुंबे मग ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीचे मनोरुग्णालय गाठतात. पण बौद्धिक दिव्यांगत्व हा मानसिक आजार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ते आजाराच्या व्याख्येतून वगळले आहे. जोडीला नैराश्यासारखा आजार असेल तर तिथे उपचार होतात; कायमचा निवारा मिळत नाही.

म्हणून तयारी मूल अठरा वर्षांचे होताच सुरू करावी. सज्ञान झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो.

दोन-तीन संस्था स्वतः पाहून वेळीच नाव नोंदवावे. सोय असेल तिथे मुलाला चार दिवस राहू द्यावे. आईच्या निधनानंतर आठवड्याभरात अनोळखी जागी जाणे त्याला फार जड जाते. जेवण, कपडे, शौच यांत जमेल तेवढे स्वावलंबन शिकवावे. फिट्स, थायरॉइड, औषधांचे डोस, मुलाची भीती आणि आवडी एका वहीत लिहून ठेवाव्यात. कोणती वेदना तो कशी दाखवतो, हे आज फक्त आईला ठाऊक असते. ते त्या वहीत पहिल्या पानावर हवे.