जोत्याची उंची रस्त्यावरून ठरत नाही

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने 55 फूट ओलांडले. जुलै 2021 मध्ये ती 56 फुटांच्याही वर गेली. तिथली धोक्याची पातळी 43 फूट. एवढे पाहूनही पूरपट्ट्यात घर बांधणारे सांगतात, ‘रस्त्यापेक्षा तीन फूट जोतं घेतलंय, काळजी नाही.’

काळजी आहे. रस्ताच सखल भागातून जात असेल, तर त्याच्यावरचे तीन फूटही पाण्याखालीच. शिवाय दर डांबरीकरणात रस्ता चढतो आणि जोते तिथेच राहते. 2020 च्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने या बाबतीत आधार धरला आहे तो पूररेषेचा. नदीकाठ ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध. तिथे उद्यान, वाहनतळ असे मोजकेच वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित. तिथे बांधायचे तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, वर.

‘मागच्या वेळी बंधाऱ्यावर 56 फूट होतं, तेवढं धरू’ हा हिशेबही चुकतो. ते फूट त्या ठिकाणच्या मोजपट्टीचे आहेत. वाहत्या नदीच्या पाण्याला उतार असतो, त्यामुळे वरच्या आणि खालच्या अंगाला पुराची पातळी वेगळी भरते. आपल्या प्लॉटजवळची लाल रेषेची पातळी, जमिनीची पातळी आणि जोत्याची पातळी हे तिन्ही आकडे समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये, एकाच आधारावरून काढलेले हवेत. सर्व्हेअरकडून ते लेखी घ्यावेत.

सर्वांत घातक समज शंभर वर्षांच्या पुराबद्दलचा. ‘आमच्या हयातीत पुन्हा नाही येणार.’ लाल रेषा सर्वसाधारणपणे शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, निळी पंचवीस वर्षांतल्या पुराची. पण याचा अर्थ दर वर्षी तशा पुराची शक्यता अनुक्रमे 1 टक्का आणि 4 टक्के, इतकाच. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. गृहकर्जाच्या तीस वर्षांचा हिशेब मांडला, तर शंभर वर्षांचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते आणि पंचवीस वर्षांच्या पुराची जवळपास 71 टक्के. या आकड्यांनंतर तरी दीड फुटाच्या जादा उंचीवरून कंत्राटदाराशी घासाघीस करू नये.

मग मातीचा भराव घालून सगळी जमीनच उचलावी का? दहा गुंठ्यांवर दोन मीटर भराव म्हणजे सुमारे 20 लाख लिटर पाण्याची जागा गेली. ते पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते. एकट्या प्लॉटने फरक दिसणार नाही कदाचित, पण भराव ओळीने पडत गेले की नदीला पसरायला जागा उरत नाही. त्यापेक्षा घर खांबांवर घ्यावे आणि खालून पाण्याला वाट मोकळी ठेवावी. मात्र तो तळमजला पुढे भिंती घालून दुकानाला देऊ नये. असे केले की खांबांवर बांधण्याला अर्थच उरत नाही.

आणि जोते उंच झाले म्हणजे घर सुरक्षित झाले, असेही नाही. विजेचे मीटर, पाण्याच्या टाकीचा पंप, लिफ्टची यंत्रणा बहुधा खालीच राहते. तीही लाल रेषेच्या वर हवी. घराबाहेरची वाट बुडणारच असेल, तर म्हाताऱ्या माणसांना आणि जनावरांना पाणी चढण्याआधीच हलवावे लागेल, घर कितीही उंच असले तरी.