मैफलींचे अर्थकारण आणि एक जुना शेरा

गेल्या हिवाळ्यातील एक संध्याकाळ. शिलाँगच्या लैतुमख्रा भागातील एका उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर पाऊणशे तरुणांच्या दाटीत मी उभा होतो. समोर आयझॉलहून आलेला चौघांचा बँड गात होता. सिलचरमार्गे रात्रभर प्रवास करून ते सकाळी पोहोचले होते. गाणी मिझो भाषेतील, त्यांनी स्वतः रचलेली. मला त्या भाषेतील एक शब्दही कळत नव्हता आणि माझ्या शेजारच्या खासी मुलांनाही कळत नसावा. तरी दुसऱ्या कडव्यानंतर सारे जण ध्रुवपद त्यांच्यासोबत म्हणू लागले. मध्यंतरात एका मुलीने माझ्यासाठी खुर्ची आणली आणि नम्रपणे विचारले, ‘‘अंकल, यांच्यापैकी कोणाचे वडील आपण?’’ मी कोणाचाही वडील नाही, तिकीट काढून केवळ ऐकायला आलो आहे, असे सांगितल्यावर तिला वाटलेले आश्चर्य तिने लपवले नाही.

निवृत्तीनंतर गुवाहाटीत स्थायिक झाल्यापासून मी ईशान्येतील छोट्या-मोठ्या बँडच्या मागे असा हिंडतो आहे. डिमापूर, कोहिमा, झिरो, तेजपूर. कोणी याला म्हातारपणीचा छंद म्हणतात. माझ्यापुरते सांगायचे तर ही एका जुन्या कर्जाची परतफेड आहे. त्या कर्जाकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी विषयाचे आजचे निमित्त सांगितले पाहिजे.

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या मैफली नवी मुंबई आणि अहमदाबाद येथे झाल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस भुवनेश्वर येथे बोलताना पंतप्रधानांनी त्यांचा दाखला देत ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’चा, म्हणजे मैफलींच्या अर्थकारणाचा, उल्लेख केला आणि राज्यांनी व खासगी क्षेत्राने त्यासाठी सुविधा उभाराव्यात असे आवाहन केले. तेव्हापासून अनेक राज्यांच्या राजधान्यांत या शब्दाभोवती सादरीकरणे होत आहेत. हॉटेलांच्या खोल्या भरतात, विमानांची तिकिटे खपतात, रोजगार मिळतो, हे सारे खरेच आहे. त्याच्या आदल्या डिसेंबरात ब्रायन अॅडम्स शिलाँगला येऊन गेला, तेव्हा त्या शहराचा आनंद मीही पाहिला. अशा कार्यक्रमांना नाक मुरडण्याचे मला काही कारण दिसत नाही.

तथापि स्टेडियम भरणे वेगळे आणि एखाद्या प्रदेशात संगीत नांदणे वेगळे. स्टेडियममधील कलावंत जगभरच्या दौऱ्यात एका रात्रीपुरता उतरतो आणि पुढे जातो. प्रदेशाचे संगीत मात्र शंभर-दीडशे माणसे मावतील अशा खोल्यांत वाढते. आयझॉलच्या त्या चौघांनी कार्यक्रम संपल्यावर मला आपला हिशेब मोकळेपणाने सांगितला. पंचाहत्तर तिकिटे, प्रत्येकी चारशे रुपये, म्हणजे तीस हजार. त्यातील निम्मे जागा आणि ध्वनियंत्रणा यांत गेले. उरलेल्या पंधरा हजारांतून भाड्याची गाडी, डिझेल, चालकाचा भत्ता, दोन खोल्या आणि पाच जणांचे जेवण. केवळ शिलाँगसाठी ते आले असते, तर पदरचे पैसे घालून परतले असते. पण पुढे गुवाहाटी, डिमापूर आणि कोहिमा असे तीन मुक्काम ठरलेले होते, म्हणून दौरा जेमतेम अंगावर न येता पार पडणार होता. यातील एक मुक्काम गळाला, की उरलेल्या सर्वांचे गणित कोलमडते. दौरा ही साखळी आहे, आणि ती कोणत्या कडीपाशी तुटेल हे पुष्कळदा एखाद्या सरकारी कार्यालयातील टेबलावर ठरते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला शिलाँगचे नेहमीच कुतूहल वाटत आले. या शहराला ‘भारताची रॉक राजधानी’ म्हणण्याची प्रथा आहे आणि त्याचे श्रेय सहसा पाश्चात्त्य प्रभावाला दिले जाते. ते अर्धेच खरे. १८४१ मध्ये वेल्श मिशनरी थॉमस जोन्स खासी टेकड्यांत आला. त्याच्यामागून आलेल्या चर्चने चार स्वरपट्ट्यांत एकत्र गाण्याची शिस्त गावोगाव पोहोचवली. पण दुइतारा आणि ढोल यांची खासी परंपरा त्याच्या कितीतरी आधीची. शहर दीर्घकाळ आसामची राजधानी होते. सचिवालय, छावणी आणि महाविद्यालये यांमुळे तेथे नाना प्रांतांचे लोक आले आणि त्यांच्यासोबत नाना प्रकारचे संगीतही आले. १९७२ मध्ये मेघालय राज्य झाले. त्याच वर्षापासून लू माजाव हा गायक दर २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करीत आला आहे. कोणत्याही पर्यटन खात्याने ही प्रथा आखलेली नव्हती. एक माणूस दरवर्षी गायला उभा राहिला आणि काही माणसे दरवर्षी ऐकायला आली, एवढेच. रूडी वलांग आणि टिप्रिती खारबांगर यांचा ‘सोलमेट’ हा ब्लूज बँड २००३ मध्ये उभा राहिला, तो याच सातत्याच्या जमिनीवर.

आता त्या कर्जाविषयी.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी आसाममधील एका लहान शहरात उपविभागीय अधिकारी होतो. एके दिवशी स्थानिक महाविद्यालयातील चार मुले अर्ज घेऊन आली. शिलाँगचा एक बँड त्यांच्या गावी यायला तयार झाला होता. नगरसभेचे सभागृह, संध्याकाळी पाच ते नऊ, प्रवेशमूल्य वीस रुपये. मुलांनी पोलीस, अग्निशमन, विद्युत निरीक्षक आणि करमणूक कर या चारही ठिकाणची ना-हरकत पत्रे मिळवली होती. राहिली होती केवळ माझी सही. ते दिवस अशांततेचे होते. गर्दी जमण्याची मला भीती वाटत होती, आणि रॉक संगीताविषयी माझे अज्ञान त्या भीतीला पुरेसे खतपाणी घालत होते. अर्ज नाकारण्यासाठी मात्र माझ्यापाशी एकही कारण नव्हते. अशा वेळी आमच्या सेवेत एक सोयीस्कर शेरा असतो. मी तो लिहिला : ‘चर्चा करावी.’

ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागणार नाही. चर्चा कोणी करायची, कोणाशी आणि केव्हा, याचा त्यात पत्ता नसतो. फाइल माझ्या लिपिकाच्या कपाटात विसावली. मुले तीनदा आली. एकदा मी दौऱ्यावर होतो, दोनदा बैठकीत. कार्यक्रमाच्या दिवशी बँडची गाडी गावात पोहोचली तेव्हा सभागृहाला कुलूप होते. मुलांनी ध्वनियंत्रणेसाठी दिलेली आगाऊ रक्कम बुडाली. ती त्यांनी कशी फेडली हे मला बऱ्याच वर्षांनी त्यांच्या एका प्राध्यापकांकडून कळले : एकाने सायकल विकली, दुसऱ्याने शिकवण्या घेतल्या. प्राध्यापकांच्या स्वरात तक्रार नव्हती. ते इतकेच म्हणाले, ‘‘साहेब, त्यानंतर आमच्या गावात कोणी कोणाला बोलावण्याच्या भानगडीत पडले नाही.’’

मी एक कार्यक्रम थांबवला असे मला वाटत आले होते. प्रत्यक्षात मी एका गावाचे यजमानपण मोडले होते.

यजमान हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. फिरती कला कशाने टिकते याचे उत्तम उदाहरण आसामातच आहे. १९६३ मध्ये अच्युत लहकर यांनी पाठशाला येथे ‘नटराज थिएटर’ सुरू केले आणि त्यातून आसामचे भ्राम्यमाण नाट्य उभे राहिले. तंबू, रंगमंच, दिवे, प्रेक्षकांच्या खुर्च्या आणि माणसे असा सारा संसार घेऊन या मंडळ्या ऑगस्ट ते एप्रिलपर्यंत गावोगाव फिरतात. त्यांना बोलावते ती गावची समिती : एखादी शाळा, एखादा क्लब, एखादे सांस्कृतिक मंडळ. जागा, परवाने आणि तिकीटविक्री यांची जबाबदारी समिती उचलते आणि उत्पन्नातील तिचा वाटा शाळेच्या इमारतीसाठी किंवा गावच्या दुसऱ्या कामासाठी खर्च होतो. म्हणजे नाटक पाहणाऱ्यालाच नाटक चालावे असे वाटण्याचे कारण असते. सहा दशके उलटली, दूरचित्रवाणी आली, मोबाइल आला. तरी ही व्यवस्था तग धरून आहे.

अलीकडच्या काळात ज्यांना यश आले त्यांनीही कळत-नकळत हीच वाट धरली. अरुणाचलमधील झिरो खोऱ्यात २०१२ मध्ये स्थानिक आयोजक बॉबी हानो आणि दिल्लीच्या ‘मेनव्होपॉज’ बँडचा गिटारवादक अनुप कुट्टी यांनी संगीत महोत्सव सुरू केला. भाताच्या खाचरांतच मासे पाळणाऱ्या आपातानी लोकांचे हे खोरे. महोत्सवाचे रंगमंच स्थानिक कारागीर बांबूचे उभारतात आणि पाहुण्यांचा मोठा भाग गावकऱ्यांच्या घरी उतरतो. नागालँडने २००० पासून हॉर्नबिल महोत्सव भरवला आणि पुढे संगीतासाठी कृतिदल नेमून संगीत हे उपजीविकेचे साधन असू शकते हे शासकीय पातळीवर मान्य केले. मेघालयाने २०२२ मध्ये तळागाळातील संगीतकारांसाठी एक योजना आणली. तिचे तत्त्व साधे आहे : स्थानिक कलावंतांनी सार्वजनिक ठिकाणी नियमित गावे आणि राज्याने त्याचे मानधन द्यावे. मला या योजनेतील ‘नियमित’ हा शब्द सर्वांत मोलाचा वाटतो. वर्षातून एकदा मिळणाऱ्या मोठ्या धनादेशापेक्षा दर आठवड्याची लहान रक्कम कलावंताला कलावंत म्हणून टिकवते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ज्याला झोप हवी आहे, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याचे काय? ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना बंदी आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जातो. मुंबईकरांना याची किंमत ठाऊक आहे. धोबी तलावाजवळचे रंगभवन हे १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’चे अनेक वर्षांचे घर, शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तेथील मैफली थांबल्या. नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. प्रश्न असा, की एक जागा बंद करताना दुसरी देण्याची जबाबदारी कोणाची? आवाज आत कोंडून ठेवणारी, दोनशे माणसांची एखादी बंदिस्त जागा जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आज ना उद्या बांधता येईल. तोपर्यंत नगरसभांची सभागृहे, जी वर्षातील बहुतेक संध्याकाळी कुलूपबंद असतात, माफक भाड्याने उघडता येतील.

शासनाने करायचे ते फारसे खर्चिक नाही. लहान कार्यक्रमांसाठी एकच अर्ज, एकच खिडकी आणि ठरावीक मुदत. मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजले जावे. सरकारी महोत्सवात गाणाऱ्यांचे मानधन सहा महिन्यांनी नव्हे, महिन्याभरात हाती पडावे. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा कराची सूट आहे, ती टिकवावी. आणि माझ्या जुन्या सहकाऱ्यांना एक विनंती : फुकट पास मागू नका. पुढच्या दोन रांगा अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवायच्या आणि त्या रात्रभर रिकाम्या राहायच्या, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे, आणि त्या रिकाम्या खुर्च्यांपैकी एक इतक्यांदा माझी होती, की हे लिहिताना मला संकोच वाटतो.

श्रोत्याचे काम तर त्याहूनही सोपे आहे. तिकीट काढावे, वेळेवर जावे, आवडले तर बँडने विकायला ठेवलेला टी-शर्ट घ्यावा, आणि पुढच्या वेळी एका मित्राला सोबत न्यावे. भाषा कळत नाही म्हणून घरी बसू नये.

यंदा मार्चमध्ये मी त्या जुन्या शहरात गेलो होतो. प्राध्यापकांच्या ओळखीच्या तीन मुली एका बँडला बोलावू पाहत होत्या. त्यांना माझ्याकडून पैसे नको होते. कोणत्या कार्यालयात आधी जायचे एवढेच विचारायचे होते. मी अर्ज लिहून दिला, जोडपत्रे लावून दिली. चार दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. नव्या अधिकाऱ्यांनी अर्जावर शेरा मारला होता, ‘चर्चा करावी’, आणि मुलींना वाटले होते की आता सारे संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे त्या ओळखीच्या व्हरांड्यातील बाकावर जाऊन बसलो. चर्चा करायला आलो आहोत, असे शिपायाला सांगितले. अधिकारी तरुण होते. त्यांनी पार्किंगविषयी दोन आणि ध्वनिक्षेपकाविषयी एक प्रश्न विचारला, मुलींनी तिन्हींची उत्तरे दिली. मला बोलावेच लागले नाही. वीस मिनिटांत सही झाली. निघताना त्यांनी विचारले, ‘‘सर, आपल्यासाठी पुढच्या रांगेत जागा ठेवायला सांगू का?’’

मी खिशातले तिकीट काढून त्यांना दाखवले. मग एका मुलीने आपल्या पिशवीतून तिकिटांचा गठ्ठा काढला आणि त्यांनाही दोन विकली.