दहा कोटींची इमारत आणि चाळीस शिक्षकांचा प्रश्न

केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२३ रोजी अर्थसंकल्प मांडताना १५७ नव्या नर्सिंग महाविद्यालयांची घोषणा केली. २०१४ नंतर स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीनेच ती उभी राहायची होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,५७० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. प्रत्येक महाविद्यालयाला १० कोटी रुपये, २४ महिन्यांची मुदत आणि दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर परिचारिका, असा हा हिशेब होता. ती मुदत एप्रिल २०२५ मध्ये संपली. अशा योजनांची प्रगती राजधानीत इमारती आणि प्रवेशक्षमता यांच्या आकड्यांनी मोजली जाते. शिकवणार कोण, हा प्रश्न मात्र त्या तक्त्यात बसत नाही.

योजनेमागील विचार रास्त आहे. नर्सिंगचे शिक्षण वर्गापेक्षा रुग्णाच्या खाटेजवळ अधिक होते. प्रत्येक विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. रुग्णालय शेजारीच असले की ही अट सहज पूर्ण होते. परिषदेच्या २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या नियमावलीने सत्रपद्धती आणि श्रेयांक आणले. कौशल्य प्रयोगशाळा व पुतळ्यांवरील सरावालाही महत्त्वाचे स्थान दिले. शिरेत सुई टोचणे, थांबलेले हृदय पुन्हा सुरू करणे, अवघड प्रसूती हाताळणे या गोष्टी पुतळ्यावर दहा वेळा चुकून शिकता येतात. खऱ्या रुग्णावर तशी मुभा नसते.

परंतु पुतळा चूक दाखवतो, समजावत नाही. त्यासाठी अनुभवी अध्यापिका लागते. परिषदेच्या निकषानुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. दरवर्षी १०० प्रवेश धरले, तर चार वर्षांत एका महाविद्यालयात ४०० विद्यार्थी होतात; म्हणजे ४० शिक्षक. १५७ महाविद्यालयांसाठी ही संख्या ६,२८० होते. एकदाच मिळणाऱ्या १० कोटींतून भिंती उभ्या राहतात, उपकरणे येतात. दरमहाचा पगार निघत नाही. राज्य सरकारांच्या महाविद्यालयांत तो बोजा राज्यांच्या तिजोरीवर पडतो आणि पदनिर्मितीचा प्रस्ताव वित्त विभागाच्या टेबलावर जाऊन थांबतो.

विद्यापीठीय नर्सिंग शिक्षण देशाला नवे नाही. दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम १९४६ मध्येच सुरू झाले. त्याच वर्षी, नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने ४३ हजार लोकांमागे एकच परिचारिका असल्याचे विदारक चित्र मांडले होते. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६४ मध्ये नर्सिंग महाविद्यालय काढले. आज देशात नोंदणीकृत परिचारिकांची संख्या ३३ लाखांच्या वर गेली आहे. तेव्हा संख्येइतकाच आता दर्जाही कळीचा ठरतो.

दर्जाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे मध्य प्रदेशात दिसले. तेथील नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेतील गैरप्रकारांचा तपास उच्च न्यायालयाने सीबीआयकडे सोपवला. मे २०२४ मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयच्याच निरीक्षकाला अटक झाली. तपासनीसाचाच तपास करण्याची वेळ आल्यावर प्रयोगशाळेत किती पुतळे आहेत, या नोंदीला काय अर्थ उरतो? संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्यात मूल्यांकन आणि मानांकनासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. १९४७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या या व्यवस्थेची खरी कसोटी तेथेच लागेल.

प्रश्न अखेरीस प्रतिष्ठेचाही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीला, खासगी रुग्णालयांत परिचारिकांना दरमहा किमान २० हजार रुपये मिळावेत, अशी शिफारस करावी लागली. ज्या व्यवसायात किमान वेतनासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, तेथील हुशार मुली परदेशाची वाट धरणार आणि अध्यापनाच्या जागा रिकाम्या राहणार, यात नवल नाही. उद्घाटनाची फीत कापायला मंत्री नेहमीच मिळतात. त्यापूर्वी चाळीस पदांच्या मंजुरीवर स्वाक्षरी झाली आहे काय, एवढे त्यांनी विचारले तरी पुरे.